हातात काय, पोटात काय?

(सुट्टीपूर्वीचा पाठ. मुलांनी मोठ्याने वाचावा, पालकांनी शेजारी बसून ऐकावा.)

बालमित्रांनो,

लवकरच शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागेल. आपला शनिवारचा वर्गही काही आठवडे बंद राहील आणि तुमच्यापैकी बरेच जण मुंबईच्या विमानात बसतील. तिथून कुणी पुण्याला, कुणी नाशिकला, कुणी कोकणात आजोळी जाईल. घरोघरी कपाटावरच्या बॅगा खाली आल्या असतील. त्या भरताना आईबाबांची जी चर्चा चालते (कधीकधी भांडणसुद्धा!), तोच आजचा आपला धडा आहे. कोणती वस्तू स्वतःजवळ हातात ठेवायची आणि कोणती विमानाच्या पोटात द्यायची?

तुम्ही म्हणाल, यात शिकण्यासारखे काय आहे? जड ते पोटात आणि हलके ते हातात! मलाही तसेच वाटत असे. मग एक रात्र अशी आली की तेव्हापासून मी बॅग भरताना चार प्रश्न विचारल्याशिवाय चेन लावत नाही. ती गोष्ट आधी सांगते.

चकल्यांची पिशवी

माझी आई सांगलीहून आमच्याकडे अबुधाबीला यायची होती. तिला मधुमेह आहे आणि ती रोज इन्सुलिन घेते. नातवंडांसाठी तिने चकल्या केल्या होत्या. चकली म्हणजे नाजूक वस्तू. मोठ्या बॅगेत टाकली तर तिचा भुगा होणार. म्हणून आईने चकल्यांचा डबा हातातल्या पिशवीत ठेवला. त्या डब्याने पिशवी भरली. मग औषधांचा पुडा, साखर तपासायचे यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळे मोठ्या बॅगेत गेले. ती बॅग काउंटरवर दिली आणि आई निश्चिंत मनाने विमानात बसली.

आई आली, चकल्या आल्या, बॅग आली नाही. बेल्ट फिरून फिरून थांबला. काउंटरवरच्या माणसाने नम्रपणे सांगितले, "बॅग मुंबईतच राहिली आहे, पुढच्या विमानाने येईल." रात्रीचे दोन वाजले होते आणि आईची इन्सुलिनची वेळ कधीच टळून गेली होती. आम्ही औषधाच्या दुकानात गेलो, तर त्यांना चिठ्ठी हवी होती. चिठ्ठी कुठे? बॅगेत! शेवटी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागले. साखर फार वाढलेली होती. तिथल्या डॉक्टरांनी तपासले, इंजेक्शन दिले, नवी चिठ्ठी लिहून दिली. घरी आलो तेव्हा उजाडले होते.

मी आईवर रागावले. ती एवढेच म्हणाली, "अगं, औषधं कुठंही मिळतील असं वाटलं. पण चकल्या मोडल्या असत्या तर पोरांना काय दिलं असतं?"

बॅग तिसऱ्या दिवशी सुखरूप आली. पण त्या रात्रीचा विचार केला की अजून छातीत धस्स होते. मुलांनो, आईची चूक आळसाची नव्हती. तिने प्रेमाने निवड केली. आपल्याला प्रेमही हवे आणि निवडीची रीतही हवी. ती रीत आता पाहू.

थोडे शब्दांविषयी

सामानाचे हे दोन भाग विमानाच्या काळात झालेले नाहीत. पूर्वी पायी निघालेला माणूस खांद्यावर पडशी टाकत असे आणि त्यात शिदोरी बांधून घेत असे. गाठोडी आणि वळकट्या बैलगाडीत जात. रेल्वे आली तेव्हा पत्र्याची ट्रंक बाकाखाली सरकवली जाई, फार जड सामान ब्रेकव्हॅनमध्ये जाई, पण पाण्याचा फिरकीचा तांब्या मात्र आजी हातातून सोडत नसे. वाटेत जे लागेल ते जवळ आणि मुक्कामी जे लागेल ते गाडीत. आपल्या पणजीला जी गोष्ट कळत होती तीच आपल्याला विमानात करायची आहे. फरक एवढाच की विमानाला नियम फार आहेत.

प्रश्न पहिला : नियम काय सांगतो?

काही वस्तूंच्या बाबतीत निवड आपल्या हातात नसते. म्हणून हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा.

*फक्त पोटात :* सुरी, कात्री, अडकित्ता, विळी यांसारख्या धारदार वस्तू हातात चालत नाहीत. मुलांनो, क्रिकेटची बॅटसुद्धा भारतातल्या विमानतळांवर हातात नेऊ देत नाहीत. चेंडू न्या, बॅट मोठ्या बॅगेत ठेवा. पातळ पदार्थांचा नियम तर सर्वांना माहीत आहेच. एका बाटलीत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको आणि सगळ्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये पातळ स्फोटके विमानात नेण्याचा कट पोलिसांनी उधळला, तेव्हापासून हा नियम जगभर पसरला. काही विमानतळांवर नवी यंत्रे बसल्यामुळे तो आता सैल होत आहे, पण निघताना एक विमानतळ असतो आणि परतताना दुसरा. दोन्हीकडचा नियम बघावा. तपासणीच्या टेबलावर तूप, लोणचे, गुळाचा पाक, आमरस हे सगळे पातळच धरतात, हे विसरू नका. बाळाचे दूध आणि चिठ्ठी असलेली औषधे यांना सवलत असते.

*फक्त हातात :* मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक आणि सुटी लिथियम बॅटरी. ही मोठ्या बॅगेत कधीही टाकू नये. या बॅटरीला मार बसला किंवा ती सदोष असली तर आतल्या आत तापत जाते आणि पेट घेते. आपल्याजवळ असेल तर धूर दिसतो आणि विमानातील कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. विमानाच्या पोटात कोण बघणार? तिथे आग विझवणारा वायू सोडण्याची सोय असते, पण तो वायू ज्वाळा दाबतो, तापलेली बॅटरी थंड करू शकत नाही.

हे नुसते पुस्तकी ज्ञान नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू विमानात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. विमान दुबईजवळच कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. पुढे १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवायला आंतरराष्ट्रीय बंदी आली.

पॉवर बँकेची मर्यादा १०० वॉट-तास आहे. तुमच्या पॉवर बँकेवर मिलिअँपिअर-तासाचा आकडा असतो. त्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० चा आकडा असेल तर २०,००० × ३.७ ÷ १००० = ७४ वॉट-तास. म्हणजे चालेल. काही कंपन्यांनी, उदाहरणार्थ एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून, विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आहे. जवळ ठेवता येते, पण लावता येत नाही.

इथे अबुधाबीचीच एक गंमत सांगते. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दहा विमानतळांवरून तिकडे जाणाऱ्या विमानांत लॅपटॉप आणि टॅब्लेट हातात नेण्यास बंदी केली. त्या दहांत अबुधाबी होते. सगळे लॅपटॉप विमानाच्या पोटात! बॅटरी पोटात नको म्हणणारे जाणकार काळजीत पडले. सुरक्षेचे उपाय वाढवल्यावर २ जुलै २०१७ रोजी ही बंदी सर्वांत आधी अबुधाबीसाठी उठली. यातून काय शिकायचे? नियम बदलतात. गेल्या वर्षी चालले म्हणून यंदा चालेलच असे नाही. निघण्याआधी विमान कंपनीचा ताजा नियम वाचावा.

*कुठेच नको :* कापूर, फुलबाज्या, फटाके आणि सुके खोबरे! खोबऱ्याचे नाव ऐकून नवल वाटले ना? सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि ढीग करून ठेवले तर ते आपोआप तापून पेटू शकते. म्हणून विमानासाठी धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव आहे आणि भारतातून निघताना ते बॅगेतून काढून ठेवतात. खोबऱ्याच्या वाट्या इथल्या दुकानात मिळतात, त्या घ्याव्यात.

आणखी एक वस्तू कायम लक्षात ठेवा : खसखस. आपल्याकडे ती वाण्याकडे सहज मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत ती आणायला कायद्याने बंदी आहे. ती अफूच्या झाडाचे बी आहे, म्हणून इथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते. ही बाब दंड भरून सुटण्याइतकी साधी नाही. अनारशांवर खसखस असते, करंजीच्या सारणात असते, घरच्या गोड्या मसाल्यातही कधीकधी भाजून घातलेली असते. आजीला आत्ताच फोन करून सांगा, "आजी, अनारसे कर, पण खसखस लावू नकोस."

प्रश्न दुसरा : वाटेत किंवा पहिल्या रात्री लागेल का?

अबुधाबी ते मुंबई विमान साधारण तीन तास उडते. पण घरातून निघाल्यापासून आजीच्या दारात पोहोचेपर्यंत सहज बारा तास होतात. सांगली, नांदेड, सावंतवाडी गाठायची असेल तर त्याहून जास्त. तेवढ्या वेळात जे लागेल ते हातात : रोजची औषधे आणि त्यांची चिठ्ठी, चष्मा, बाळाचे दूध आणि लंगोट, एक पातळ शाल, कपड्यांचा एक जोड, मोबाईल आणि त्याचा चार्जर.

इन्सुलिन तर हातातच हवे. ते गोठले किंवा फार तापले तर निकामी होते. जुलैत अबुधाबीच्या धावपट्टीजवळ सामानाची गाडी पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभी असते. त्यात तुमची चॉकलेटेसुद्धा वितळतात, मग औषधाचे काय होईल?

औषधांबद्दल पालकांनी एक गोष्ट जपावी. भारतात सहज मिळणारी काही औषधे, विशेषतः कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली, इथे नियंत्रित आहेत. ती आणायची असतील तर अमिरातीच्या सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. इतर औषधेही मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह असावीत.

प्रश्न तिसरा : हरवले तर पुन्हा मिळेल का?

सगळ्या वस्तू पैशांनी परत येत नाहीत. पासपोर्ट, अमिरातीचे ओळखपत्र, शाळेचे मूळ दाखले, घराच्या किल्ल्या, मंगळसूत्र, आजोबांचा एकुलता एक फोटो हे सारे हातात. दागिने आणि रोकड यांची जबाबदारी बहुतेक विमान कंपन्या घेत नाहीत. मामाच्या लग्नात नेसायचा आईचा शालूही हातात, कारण लग्नाची तारीख बॅगेसाठी थांबत नाही.

बॅगा खरोखर किती चुकतात? विमानतळांना संगणक यंत्रणा पुरवणारी सीता ही संस्था दरवर्षी हिशोब देते. तिच्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगात दर १००० प्रवाशांमागे सुमारे ६ बॅगा उशिरा आल्या, फुटल्या किंवा हरवल्या. २००७ साली हा आकडा जवळपास १९ होता. म्हणजे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, घाबरायचे कारण नाही. आणि चुकलेल्या बॅगांपैकी बहुतेक नंतर सापडतात. सर्वांत जास्त घोटाळे वाटेत विमान बदलताना होतात. थेट मुंबईला जाणाऱ्यांना काळजी कमी, मध्ये उतरून पुढे जाणाऱ्यांना जास्त.

प्रश्न चौथा : वजन किती, आणि प्रवास सोसेल का?

पुष्कळ विमान कंपन्या हातातल्या पिशवीला ७ किलोची मर्यादा ठेवतात, काही १० किलोपर्यंत देतात. मोठ्या सामानाची मर्यादा तिकिटाप्रमाणे २०, २५ किंवा ३० किलो असते. एका बॅगेचे वजन मात्र ३२ किलोच्या वर सहसा घेत नाहीत, मग पैसे भरायची तयारी असली तरी! कारण ती बॅग कुणीतरी माणूस उचलत असतो आणि त्याच्याही पाठीचा विचार करायला हवा.

जड पण सोसणाऱ्या वस्तू पोटात द्याव्यात : पुस्तके, भाजणी, मसाले, खजूर, कपडे, चपला. नाजूक वस्तू वजनात बसत असेल तर हातात, नाही तर कपड्यांच्या मधोमध गुंडाळून पोटात. शाडूची छोटी गणेशमूर्ती हातातच बरी.

आता लोणच्याचे शास्त्र. आजी बरणी घट्ट बंद करते, तरी तेल बाहेर का येते? विमान उंच गेले की आतला हवेचा दाब कमी होतो. सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच दाब विमानात ठेवतात, आणि पोटातही तेवढाच असतो. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे तुमचे लोणचे कळसूबाईपेक्षाही उंच चढून येते! सांगलीला बरणीत कोंडलेली हवा वर गेल्यावर फुगते आणि झाकणाच्या फटीतून तेलाला बाहेर ढकलते. म्हणून बरणी अगदी काठोकाठ भरू नये, तोंडावर प्लॅस्टिकचा कागद बांधावा, मग झाकण लावावे आणि सगळे दोन पिशव्यांत गुंडाळावे.

जाताना आणखी एक धोका असतो. इकडे कोरडे ऊन आणि तिकडे मुंबईचा पाऊस. जुलैत विमानातून उतरवलेल्या बॅगा पावसात भिजू शकतात. कापडी बॅग असेल तर आत प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात कपडे भरावेत.

फक्त हातातली पिशवी पुरेल का?

कधी पुरते. चार दिवसांसाठी मुंजीला जायचे असेल, आजीकडे आपले जुने कपडे असतील, तर ७ किलोत भागते. काही स्वस्त तिकिटांत मोठी बॅग धरलेलीच नसते. बेल्टजवळ ताटकळावे लागत नाही आणि बॅग चुकायची भीतीही नाही.

पण परतीचा विचार आधीच करा. जाताना हलके असतो, येताना कधीच नाही! मसाला, पोहे, पापड, शिवाय आपल्या वर्गाच्या वाचनालयासाठी गोष्टींची पुस्तके (ही आणायचीच आहेत). तेव्हा जाताना फक्त पिशवी आणि येतानाच्या तिकिटात मोठी बॅग असा मार्ग निघतो का ते पाहावे. मोठ्या बॅगेचे पैसे तिकिटासोबत भरले तर साधारणपणे कमी पडतात, विमानतळावर ऐन वेळी भरले तर जास्त.

आणि एक युक्ती. विमान भरलेले असले की दारात तुमची हातातली पिशवीसुद्धा घेऊन पोटात टाकतात. अशा वेळी धांदल उडते. म्हणून पिशवीत पिशवी ठेवावी. औषधे, कागदपत्रे, दागिने, पॉवर बँक एका छोट्या थैलीत एकत्र असू द्या. पिशवी मागितली तर थैली गळ्यात अडकवायची आणि पिशवी देऊन टाकायची.

बॅग चुकली तर

काउंटरवर बॅगेला कागदी पट्टी लावतात. तिच्यावर तीन अक्षरांची खूण असते, ती मुलांनी वाचावी. अबुधाबी म्हणजे ए.यू.एच. इथे १ नोव्हेंबर २०२३ पासून नवे टर्मिनल ए सुरू झाले आणि ९ फेब्रुवारी २०२४ पासून विमानतळाचे नाव झायेद आंतरराष्ट्रीय विमानतळ झाले, तरी अक्षरे तीच राहिली. मुंबई म्हणजे बी.ओ.एम. शहराचे इंग्रजी नाव १९९५ साली बदलले, पण खूण अजून बॉम्बेचीच आहे! २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला असून त्याची खूण एन.एम.आय. आहे. तेव्हा पट्टीवर योग्य अक्षरे आहेत ना, हे पाहूनच काउंटर सोडा. पट्टीवर दहा आकड्यांचा क्रमांकही असतो. त्याचा छोटा तुकडा तुम्हाला देतात, तो जपून ठेवा.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी तिथेच तक्रार लिहून द्यावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. भारत आणि अमिरात दोघेही १९९९ च्या माँट्रियल कराराला बांधलेले आहेत. त्यानुसार बॅग फुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आली असेल तर ती हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली असे धरता येते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे हिशोबाचे आंतरराष्ट्रीय एकक आहे. ही रक्कम साधारण सात ते आठ हजार दिरहम होते. लक्षात घ्या, ही मर्यादा आहे. नुकसान दाखवता आले तरच पैसे मिळतात. म्हणून बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो काढून ठेवावा.

पालकांसाठी दोन शब्द

घरातल्या सर्वांचे कपडे वेगवेगळ्या बॅगांत न भरता थोडे थोडे मिसळावेत. एक बॅग चुकली तरी एकाच मुलावर उघडे राहायची वेळ येत नाही. ओळखीच्यांनी दिलेले बांधलेले पुडके न उघडता घेऊ नये. संकोच वाटला तरी आत काय आहे ते समोर पाहावे, कारण बॅग ज्याच्या नावाची, जबाबदारी त्याची.

आणि मुलांना आपली पिशवी स्वतः भरू द्यावी. चुकीची वस्तू घेतली तर ओरडू नये, चार प्रश्न विचारावेत.

आणि चकल्या?

पुढच्या वर्षी आई पुन्हा आली. गळ्यात छोटी शिवलेली थैली होती आणि तिच्यात इन्सुलिन, चिठ्ठी आणि पासपोर्ट. चकल्यांचा डबा मोठ्या बॅगेत होता. उघडला तर निम्म्या चकल्यांचा चुरा झालेला. आईचे तोंड एवढेसे झाले. पण मुलांनी वाट्या आणल्या, चुरा वाढून घेतला, वर दही घातले आणि चमच्याने खाल्ला. आता आमच्याकडे चकली करताना मुलेच विचारतात, "आजी, यातल्या थोड्या मोडायच्या का?"

शब्दार्थ

पडशी – खांद्यावर टाकायची, दोन्हीकडे कप्पे असलेली पिशवी
शिदोरी – प्रवासात खाण्यासाठी बांधून घेतलेले अन्न
वळकटी – गुंडाळून बांधलेले अंथरूण
गाठोडे – कापडात गाठ मारून बांधलेले सामान
फिरकीचा तांब्या – फिरवून झाकण लावायचा पाण्याचा तांब्या
ताटकळणे – उभे राहून फार वेळ वाट पाहणे
धांदल उडणे – घाई-गडबडीत गोंधळणे
तोंड एवढेसे होणे – ओशाळणे, खट्टू होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आजीने चकल्या हातातल्या पिशवीत का ठेवल्या?
(आ) पॉवर बँक विमानाच्या पोटात का चालत नाही?
(इ) लोणच्याच्या बरणीतून तेल बाहेर का येते?

२. हातात, पोटात की कुठेच नाही? तीन रकाने करून लिहा.
क्रिकेटची बॅट, चष्मा, कापूर, गोष्टींची दहा पुस्तके, इन्सुलिन, तुपाची बरणी, सुके खोबरे, मंगळसूत्र, अडकित्ता, पॉवर बँक, खसखस.

३. गणित सोडवा.
(अ) रिकामी बॅग ४.५ किलोची आहे आणि मर्यादा २५ किलोची. सामान किती भरता येईल?
(आ) ३०,००० मिलिअँपिअर-तासाची पॉवर बँक १०० वॉट-तासाच्या मर्यादेत बसते का?

४. 'गाशा गुंडाळणे' आणि 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' यांचे अर्थ घरी मोठ्यांना विचारा आणि प्रत्येकी एक वाक्य तयार करा.

५. आजीला किंवा आजोबांना पत्र लिहा. इकडे येताना त्यांनी कोणत्या तीन वस्तू हातात ठेवाव्यात आणि का, ते समजावून सांगा. पत्र वहीतच ठेवू नका, खरोखर पाठवा.

उत्तरे सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी वर्गात आणावीत. सर्वांना सुट्टीच्या शुभेच्छा. सुखरूप जा, सुखरूप या!

– तुमच्या बाई